घराचं दार आणि गाडीचं शेड छपरानं जोडायचंय, सल्ला हवा (सोलापूर, पश्चिममुखी घर)

चौथा_खण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

जुळे सोलापुरात आमचं २००६ सालचं घर आहे. प्लॉट ४० बाय ६०, तोंड पश्चिमेला, पुढे १८ फूट मोकळी जागा. गेटातून आत आलं की उजव्या कोपऱ्यात गाडीचं पत्र्याचं शेड, १० बाय १७. तिथून घराचं दार ९ फूट, आणि या ९ फुटांवर आभाळ. दारावर दोन फुटी छज्जा आहे, पण तो कुलूप उघडणाऱ्याची टाळू तेवढी कोरडी ठेवतो.

मागच्या सप्टेंबरात आईला गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आणलं. शेडात गाडी लावली आणि पाऊस सुरू. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्यात वॉकर, बायको आईला धरायला. आई म्हणाली, "घसरले तर परत दवाखाना. मी बसते हितंच." पाऊण तास आम्ही तिघं स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीत शेंगा खात बसलो. दार समोर दिसत होतं.

दुसरी अडचण अशी की नवखा माणूस गेटातून आला की हमखास शेडात शिरतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करतो. शेड मोठं, दार लहान, त्याचा काय दोष.

गवंडी म्हणतो छज्ज्यापासून स्लॅब ओढू. फॅब्रिकेटर म्हणतो पाईप आणि पत्रा, चार दिवसांचं काम. बायकोच्या मोबाइलमध्ये लाकडी पर्गोलाचे, म्हणजे पट्ट्यांच्या उघड्या मांडवाचे, फोटो आहेत. मी वहीत चित्र काढलंय: सात फुटांवर छज्जा, त्याच्या पोटाखाली पत्रा सरकवायचा आणि शेडाला नेऊन भिडवायचा. पाणी भिंतीत शिरायचा प्रश्नच नाही. चालेल ना?

कडकभाकरी

दवाखान्यातून येताना गाडीत शेंगा कुठून आल्या ते आधी सांगा बे.

चौथा_खण

सोलापूरची गाडी आहे ओ. स्टेपनी नसेल एखाद्या वेळी, शेंगा असतात.

आता_पुण्यात

सरळ पॉलिकार्बोनेट शीट टाका. आमच्या पुण्यातल्या बंगल्याला तेच आहे. छान उजेड येतो, हलकं काम, दिसायलाही आधुनिक.

साखरपेठकर

पुण्याचं ऊन आणि आमचं ऊन एकच समजू नका. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ ला जाऊन बसतो. माझ्या मेहुण्यानं दारापुढं ते शीट टाकलं. उजेड आला, खरंय, उजेडाबरोबर ऊनही आलं. दुपारी दोन वाजता तिथं चपला काढून ठेवल्या तर घालताना नाचावं लागतं. आता त्या शीटवर त्यानं हिरवी नेट ताणलीय. म्हणजे उजेडाला पैसे दिले आणि अंधारालाही दिले.

लाल_मुरूम

व्यवसायानं सिव्हिलमध्ये आहे, थोडं लांबण लावतो.

पत्रा की स्लॅब हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, प्लॉटमध्ये काळी माती किती खोल आहे? आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती तुमच्या अंगणाखाली आहे. घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला असतो, म्हणून घर जागचं हलत नाही. पोर्चचा खांब मात्र "हलकंच तर आहे" म्हणून दीड फुटाच्या खड्ड्यात उभा करतात. मग पोर्च दरवर्षी वर-खाली होतो, घर होत नाही, आणि दोन्ही जिथं शिवलेले असतात तिथं तडा जातो. प्लास्टर कितीही वेळा करा, पुढच्या पावसाळ्यात तडा हजर. विजापूर रोडला असा एक पोर्च पाहिलाय, घरापासून अंगठा जाईल एवढा सुटलेला. मालक त्यात दरवर्षी पांढरा सिमेंट भरतात.

म्हणून दोन गोष्टी. खांबाचा पाया मुरूम लागेपर्यंत न्या. आणि नवीन सांगाडा घराला अजिबात बांधू नका. त्याचे चारही खांब स्वतःचे, घरापासून दोन बोटं मोकळे. जुन्या छज्ज्यापासून स्लॅब ओढायचं तर मनातूनही काढा. छज्ज्यातली सळई त्या छज्ज्यापुरतीच असते.

चौथा_खण

बोअर मारताना पाहिलं होतं. चार फूट काळी, खाली मुरूम.

लाल_मुरूम

मग साडेचार-पाच फूट खणा.

वास्तुरसिक

पश्चिमेचं दार, त्यात आग्नेयेला की नैर्ऋत्येला गाडी, हे आधी बघा. छपराचा उतार कुठल्या दिशेला यावरही घरात पैसा राहतो की वाहून जातो ते ठरतं.

कडकभाकरी

पाणी पन्हळीकडे आणि पैसा फॅब्रिकेटरकडे वाहतो. दोन्हीला उतार लागतो.

अंगणवेडी

सगळे पावसावरच बोलताय. सोलापुरात पाऊस पडतो किती दिवस? ऊन आठ महिने असतं. चौथा_खण दादा, तुमचं घर पश्चिममुखी आहे, ही तुमची खरी भानगड आहे आणि तुम्ही ती अर्ध्या ओळीत उरकलीत.

आमचंही दार पश्चिमेला आहे, होटगी रोडला. आम्ही पाच फुटांचं छप्पर मोठ्या हौसेनं केलं. दुपारी बारा-एकला झकास सावली. आणि चारनंतर? मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. ऊन छपरावरून येतच नाही, ते समोरून, छपराखालून आत शिरतं. पाच फुटी छप्पर दाराच्या वरच्या सव्वादोन फुटांवर सावली धरतं, खालचं सगळं दार भाजतं. माझ्या दाराचं पॉलिश तीन वर्षांत गेलं, अगदी कमरेच्या उंचीपर्यंत. रेघ मारल्यासारखं दिसतं. छप्पर कितीही पुढं काढलं तरी पश्चिमेला त्याचा उपयोग थोडाच. तिथं उभा अडसर लागतो. जाळी, चिक, वेल, काहीही, पण उभं.

आम्ही शेवटी मधुमालती चढवली. दोन वर्षं लागली. आता पाच वाजता दारात बसता येतं.

आता_पुण्यात

सव्वादोन फूट वगैरे मोजलंत की काय?

अंगणवेडी

दारावर खडूनं रेघ मारली होती. मुलीचा भूगोलाचा प्रकल्प.

दोनचाकी

मधुमालतीत साप येतात म्हणे.

अंगणवेडी

आमच्याकडे फक्त बुलबुल आले. आणि सासूबाईंच्या मैत्रिणी.

साखरपेठकर

तुम्ही सगळे नवीन नवीन नावं घेताय, पर्गोला काय, कारपोर्ट काय. मागताय ती ढाळज आहे. जुन्या घरांना असायचीच की. आमच्या गावाकडच्या घराला मोठा दरवाजा, आत शिरलं की ढाळज, दोन्ही अंगांना दगडी कट्टे, मग चौक आणि सोपा. वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर रणरण ऊन असलं तरी ढाळजेत पाऊल टाकलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटायचं. येणारा माणूस आधी तिथं टेकायचा. तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, मग बोलणं. सगळ्यांनाच काही आत घेत नव्हते, निम्मी कामं ढाळजेतच उरकायची. वसुलीला आलेला तर तिथूनच परत.

आत्ताच्या घरांत रस्ता संपला की एकदम हॉल. डोळे दिपलेले, घाम निथळतोय आणि समोर सोफ्यावर तंगड्या पसरलेला जावई.

लाल_मुरूम

ढेलज की ढाळज?

साखरपेठकर

आमच्यात ढाळजच. तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही म्हणा.

कडकभाकरी

झालं. आता दोन दिवस धागा यावरच चालणार. मी भाकरी बांधून आणतो.

शाळामास्तर_निवृत्त

(भाषेवरचे मधले अकरा प्रतिसाद वाचून मूळ विषयाकडे येतो.)

मला वेगळंच सुचवायचंय. दार शेडापर्यंत कशाला न्यायचं, गाडीच दाराशी आणा. रेल्वे लाइन्स भागात जुने बंगले आहेत, त्यांच्या पोर्चची रीत बघा. वाहन पायऱ्यांना लागायचं, माणूस छपराखाली उतरायचा आणि वाहन पुढं निघून जायचं. पोर्चचं मूळ काम वाहन उभं करणं नव्हे, माणूस उतरवणं. आपण त्यात गाडी कायमची कोंबली आणि माणसाला उन्हात काढलं.

चौथा_खण

सर, कल्पना आवडली, पण गाडी पुढं निघून जायला जागा कुठंय? पुढं फक्त १८ फूट. गाडी दारासमोर आली की तिथंच मुक्काम. मग तुळशीवृंदावन हलवावं लागेल, आणि ते आई हलवू देणार नाही.

अंगणवेडी

देऊही नये. शिवाय तापलेलं इंजिन आणि धूर थेट हॉलमध्ये. रांगोळी कुठं काढायची, बॉनेटवर?

सेंट्रिंग_ते_सॅनिटरी

मी परवापासून धागा वाचतोय आणि वहीतलं ते चित्र कुणीच तपासलेलं नाही. चौथा_खण, छज्जा सात फुटांवर म्हणालात. जमिनीपासून की चौथऱ्यापासून?

चौथा_खण

दाराच्या उंबऱ्यापासून. चौथरा जमिनीपासून दोन फूट आहे.

सेंट्रिंग_ते_सॅनिटरी

तेच म्हणतोय की ओ. उंबऱ्यापासून सात फूट, त्याच्या पोटाखाली पाईप आला, मग पत्रा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार. दारासमोरच्या ओट्यावर उभ्या माणसाला साडेसहा फूटसुद्धा राहत नाहीत. पंखा विसरा, लग्नातला फेटा घालून घराबाहेर पडता येणार नाही.

उलटं करा. छप्पर छज्ज्याच्या वरून घ्या. तुमचं छज्ज्याचं वरचं अंग जमिनीपासून अंदाजे ९ फूट ४ इंच येतं. भिंतीपाशी पत्रा ९ फूट १० इंचांवर धरा, पश्चिमेला पाच फुटांत पाच इंच उतार, म्हणजे बाराला एक. कडेला पन्हळ. शेडाचा पत्रा साडेआठ फुटांवर असेल ना? मग नवीन छप्पर शेडाच्या छपरावर फूटभर चढवायचं, चिकटवायचं नाही. मधे जी फट राहते तिच्यातून तापलेली हवा वर निघून जाते.

भिंत आणि पत्र्यामधल्या फटीसाठी भिंतीत खाच मारून ॲल्युमिनियमची पट्टी बसवा. पट्टी भिंतीला पक्की आणि पत्र्यावर नुसती टेकलेली. लाल_मुरूम म्हणतात तसा सांगाडा हलला तर पट्टीखाली हलू दे. दोन्हीकडं स्क्रू मारलेत की पहिल्याच पावसात हॉलमध्ये नकाशा उमटतो.

लाल_मुरूम

हे बरोबर. साष्टांग दंडवत. चौथऱ्याचं माझ्याही डोक्यातून सुटलं होतं.

वळवाचा_पाऊस

माझे दोन पैसे. उघड्या शेडाचा पत्रा वजनानं पडत नाही, वाऱ्यानं उडतो. चारी बाजूंनी मोकळं, वारा खालून घुसतो आणि वर उचलतो. आमच्या गल्लीत एप्रिलच्या वळवात एक अख्खं छप्पर पाईपसकट उठून शेजारच्या गच्चीवरच्या वाळवणावर जाऊन बसलं. कुणाला लागलं नाही, पापड गेले. खांबाखाली बेसप्लेट आणि काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट हवेतच. फरशीवर नुसते फास्टनर मारून खांब उभा करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

सुनंदा_म

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आईंबद्दल विचारते. छप्पर होईल, पण दोन फुटांचा चौथरा चढायचा कसा? आत्ता किती पायऱ्या आहेत?

चौथा_खण

तीन. आठ-आठ इंचांच्या. कठडा नाही. रॅम्प करायचा विचार आहे.

सुनंदा_म

आठ इंच गुडघ्याला फार होतात. पण रॅम्प तुमच्याकडे बसणार नाही. व्हीलचेअर किंवा वॉकरसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात. दोन फुटांना चोवीस फूट झाले, तुमच्याकडे नऊ आहेत. नऊ फुटांत केलात तर ती घसरगुंडी होईल, आणि तशा रॅम्पवरून पडलेले लोक माझ्याकडे येतात.

गाडीच्या शेडाची जमीनच थोडी उचलता आली तर? १७ फुटांत आठ इंच चढ गाडीला कळतसुद्धा नाही. मग उरले सोळा इंच, त्यात सव्वापाच-साडेपाच इंचांच्या तीन पायऱ्या, पाय पूर्ण टेकेल अशा रुंद, आणि दोन्ही बाजूंना धरायला पाईप. एकाच बाजूला नको. चढताना आणि उतरताना चांगला पाय बदलतो, तसा हातही बदलतो.

आणि एक. आई गाडीत कुठं बसतात?

चौथा_खण

पुढं, माझ्या शेजारी.

सुनंदा_म

म्हणजे डावीकडे. गाडी सरळ आत घातली की त्यांचं दार घराच्याच बाजूला उघडतं, उत्तम. पण शेडाचा मधला खांब नेमका तिथं आहे का?

चौथा_खण

आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. आहे. गाडीच्या दाराला जो पोचा आहे तो त्याच खांबाचा. मी इतकी वर्षं शेजाऱ्याच्या पोराच्या बॅटला दोष देत होतो.

कडकभाकरी

पोराला शेंगा द्या.

सेंट्रिंग_ते_सॅनिटरी

तो खांब काढून वरचा पाईप जाड घ्या, खांब दोन्ही टोकांना. शेड १० फूट रुंद आहे, गाडी साधारण साडेपाच फूट. उजवीकडं तुम्हाला उतरायला पावणेदोन फूट ठेवा, डावीकडं पावणेतीन फूट मिळतात. वॉकर उघडायला तेवढे लागतातच. खाली उजव्या चाकासाठी फरशीची एक उभी पट्टी वेगळ्या रंगात टाका, म्हणजे रोज अंदाज घ्यायला नको.

दोनचाकी

फरशी कुठली घ्यावी? ग्लॉसी टाइल्स पुसायला सोप्या.

साखरपेठकर

आणि पडायला त्याहून सोप्या. शहाबादी घ्या, बिनपॉलिशची. इथून जवळचा माल, पाय घसरत नाही, आणि संध्याकाळी पाणी मारलं की वास काय येतो.

अंगणवेडी

पाण्यावरून आठवलं. पन्हळीचं पाणी गेटाबाहेर सोडू नका बरं. शेड आणि जोडछप्पर मिळून दोनशे पंधरा चौरस फूट झालं, म्हणजे वीस चौरस मीटर. एक इंच पाऊस झाला की पाचशे लिटर. आपल्याकडं नळ रोज येत नाही आणि पाचशे लिटर रस्त्यावर? बोअरशेजारी शोषखड्डा करा. पहिल्या पावसाचं पाणी आणि कडुनिंबाचा पाला मात्र आधी बाहेर जाऊ द्या.

लाल_मुरूम

हौद कुठंय तुमचा?

चौथा_खण

…

लाल_मुरूम

कळलं.

चौथा_खण

त्याच नऊ फुटांत. झाकण दारापासून चार फुटांवर. वहीतल्या चित्रात एक खांब बरोबर झाकणावर आलाय. दुसरा हौदाच्या स्लॅबवर.

कडकभाकरी

धाग्याला वाचवल्याबद्दल हौदाचे आभार.

लाल_मुरूम

हसू नका, निम्म्या घरांत असंच असतं. खांब हौदाच्या भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट लांब घ्या, नाहीतर खणताना भिंत उघडी पडेल. झाकण पायवाटेच्या मधोमध राहू देऊ नका, कडेला सरकवून घ्या आणि फरशीच्या पातळीत बसवा. उंचवटा राहिला तर आई तिथंच अडखळतील. आणि समासात, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत, बांधकाम येतंय, तेव्हा महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात आधी विचारा. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत पोर्चचं काय आहे ते तुमच्या नकाशावर बोट ठेवून विचारा. "सगळेच करतात" हे उत्तर शेजाऱ्याचं असतं, नोटीस तुमच्या नावानं येते.

आता_पुण्यात

पर्गोलाचं काय झालं? वहिनींची बाजू कुणीच घेत नाहीये.

चौथा_खण

वहिनी शेजारी बसून वाचतायत. त्यांचं म्हणणं, पत्रा आला की घर गोडाऊनसारखं दिसेल, आणि फॅब्रिकेटरनं दाखवलेला नमुना बघितला तर ते खरं आहे.

अंगणवेडी

ताई, तुमचं बरोबर आहे, फक्त पर्गोला डोक्यावर नको, समोर हवा. आडव्या पट्ट्यांनी डोक्यावर ना पाऊस अडतो ना ऊन. त्याच पट्ट्या पश्चिमेला उभ्या लावा, तिरप्या, गेटाकडच्या बाजूला. पत्रा मागं झाकला जाईल, दारावरचं पाचचं ऊन अडेल आणि वारा येत राहील. दारासमोरचे चार फूट मात्र मोकळे सोडा. गेटातून बघणाऱ्याला तीच एक उघडी जागा दिसली की तो आपोआप तिकडं वळतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची टकटक बंद.

लाकूड नको, आपल्या उन्हात तडकतं. ॲल्युमिनियम घ्या, किंवा पाईपच पण गंज अडवणाऱ्या रेडऑक्साइडच्या हातावर नीट रंग देऊन.

सेंट्रिंग_ते_सॅनिटरी

आणि पत्रा एकेरी नको. मधे पफ (उष्णता अडवणारा फोम) असलेलं पॅनल घ्या. थोडं महाग पडतं, पण खाली उभं राहिल्यावर डोकं भाजत नाही आणि पावसाचा आवाजही कमी.

साखरपेठकर

आवाज कमी कशाला करता? सोलापुरात पाऊस पडतोय हे कळायला नको?

चौथा_खण

(दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय. परवानगीचा कागद झाला, पाया झाला. पाच फुटांवर मुरूम लागला. खांब हौदापासून अडीच फूट लांब. शेडाचा मधला खांब गेला. छप्पर छज्ज्यावरून, पट्टी भिंतीला, पत्र्यावर टेकलेली. फॅब्रिकेटर दोन्हीकडं स्क्रू मारायलाच निघाला होता. त्याला हा धागा वाचायला दिला. तो कडकभाकरीच्या प्रतिसादांवर हसत बसला, पण स्क्रू मारले नाहीत. पायऱ्या तीन, सव्वापाच इंची. शहाबादी उद्या येतेय.

अडकलंय एका जागी. पश्चिमेच्या पट्ट्यांमागं, दार आणि शेडाच्या मधे, साडेचार फूट भिंत मोकळी राहते. मी तिथं चपलांचं कपाट सांगितलं होतं. आईनं काल वॉकर घेऊन पाहणी केली आणि गवंड्याला परस्पर सांगितलं, "इथं कट्टा घाल." भाजी निवडायला, शेंगा फोडायला आणि येणारा-जाणारा बघायला. गवंडी मला विचारतोय, उंची किती धरू?

साखरपेठकर

ढाळज झाली की नाही शेवटी?

सुनंदा_म

अठरा-एकोणीस इंच. त्याहून खाली नको, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खालून उठणं जड जातं. कट्ट्याच्या शेवटाला कठड्याचा पाईप वळवून आणा, उठताना धरायला. आणि खाली चार इंच आत पोकळी ठेवायला सांगा, उठताना टाच मागं घेता येते.

चौथा_खण

त्या पोकळीत चपला बसतील का?

कडकभाकरी

आईंना विचारा बे.